अफवेच्या आधी काय घडते

सामोआ हा प्रशांत महासागरातला जेमतेम दोन लाख वस्तीचा देश. 6 जुलै 2018 रोजी तिथल्या सवाई बेटावर, सफोतू गावच्या रुग्णालयात, वर्षभराच्या दोन बाळांना गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस टोचली गेली. टोचल्यावर काही मिनिटांतच ती दगावली. लसीत दोष नव्हता. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि देण्याआधी ठरलेल्या पाण्यात मिसळावी लागते. परिचारिकांनी पाण्याऐवजी त्या भुकटीत शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरतात ते औषध मिसळले होते, आणि त्याची मुदतही संपलेली होती. दोन्ही परिचारिकांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगवास झाला.

पण न्यायालयाचा निकाल यायला वर्ष लागले. दरम्यान सरकारने ही लस देणेच कित्येक महिने बंद ठेवले. लोकांपर्यंत अधिकृत माहिती थोडी पोहोचत होती आणि फेसबुकवरच्या गोष्टी पुष्कळ. देशाबाहेरच्या लसविरोधी मंडळींनी या दोन मरणांची बातमी लस घातक असल्याचा पुरावा म्हणून जगभर फिरवली. 2018 साली सामोआत गोवराच्या लसीचा पहिला डोस मिळालेल्या बाळांचे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. गोवर रोखायचा तर ते 95 टक्क्यांच्या आसपास असावे लागते.

2019 मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराची साथ होती. तिथून ती सामोआत आली. ऑक्टोबरात साथ जाहीर झाली, 15 नोव्हेंबरला आणीबाणी लागू झाली. तरीही समाजमाध्यमांवर लशीपासून दूर राहा, पपईच्या पानांचा अर्क द्या, जीवनसत्त्वे द्या असे सल्ले फिरतच होते. अंगावर कुठलेसे खास पाणी फवारून गोवर बरा करण्याचे दावे करणाऱ्यांकडे पालक तापाने फणफणलेली मुले घेऊन जात होते. त्या मुलांना जेव्हा रुग्णालयात आणले गेले तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असे. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने दोन दिवस सगळे कामकाज बंद ठेवले. ज्या घरात कुणाची लस राहिली असेल त्या घरापुढे लाल कापड लावायला सांगितले, आणि आरोग्य पथके घरोघर गेली. साथ ओसरेपर्यंत 5,700 हून अधिक लोकांना गोवर झाला होता आणि 83 जण मरण पावले होते. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. याच काळात शेजारच्या टोंगा आणि फिजी या देशांतही गोवर पोहोचला होता. तिथे लसीकरण चांगले झालेले होते. तिथे एकही मृत्यू झाला नाही.

सामोआची ही हकीकत सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की या पुस्तकात पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी तिच्यात एकत्र सापडतात. आधी एक खरी, भयंकर चूक. मग तिच्याबद्दल सरकारी यंत्रणेचे अपुरे बोलणे. त्या पोकळीत शिरलेले बाहेरचे लोक, ज्यांना सामोआच्या मुलांपेक्षा आपल्या प्रचाराची जास्त काळजी होती. आणि शेवटी, ज्यांना यातले काहीच कळत नव्हते अशा लहानग्यांनी मोजलेली किंमत.

लसविरोधाबद्दल लिहिताना दोन सोप्या वाटा समोर दिसतात. एक म्हणजे विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरवणे. दुसरी म्हणजे सगळा दोष मोबाइलवर टाकणे. या पुस्तकाने दोन्ही वाटा सोडल्या आहेत. इथे मांडलेले म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: अफवा क्वचितच शून्यातून उगवते, बहुतेक वेळा तिच्या आधी कुणीतरी विश्वास मोडलेला असतो, आणि तो मोडणाऱ्यांत सरकारे, कंपन्या, डॉक्टर आणि नामांकित नियतकालिकेही आहेत. समाजमाध्यमांनी अविश्वास जन्माला घातला नाही. त्यांनी त्याला वेग दिला, बाजारपेठ दिली आणि देशांच्या सीमा ओलांडायची सोय करून दिली. म्हणून प्रत्येक देशाची गोष्ट सांगताना आम्ही अफवा काय होती एवढ्यावर थांबलेलो नाही. तिच्या आधी काय घडले होते, हे आम्ही शोधले आहे.

लशीला विरोध लशीइतकाच जुना आहे. एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये गाईच्या देवीचा द्रव वापरून माणसाला देवीपासून वाचवता येते हे दाखवले. सहाच वर्षांनी, 1802 मध्ये, जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने लस घेतलेल्या माणसांच्या अंगातून गाई बाहेर पडताना दाखवल्या. ते चित्र पाहिले की आजच्या मोबाइलवरच्या चित्रांशी त्याचे नाते चटकन लक्षात येते. त्याच वर्षी 14 जूनला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण. लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला आली होती.

इंग्लंडने 1853 साली तान्ह्या मुलांसाठी देवीची लस सक्तीची केली आणि पुढे न टोचणाऱ्या पालकांना दंड ठोठावला. दंडाचा भार गरिबांवर पडला. 1885 मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांनी मोर्चा काढला आणि जेन्नरच्या पुतळ्याला फाशी दिली. अखेर 1898 मध्ये कायद्यात सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यांसाठी सवलत आली. ब्राझीलच्या रिओ द जानेरोमध्ये नोव्हेंबर 1904 मध्ये सक्तीच्या लसीकरणाविरुद्ध दंगली उसळल्या. त्या समजून घ्यायच्या तर त्याआधीची दोन-तीन वर्षे पाहावी लागतात. शहर सुंदर आणि निरोगी करण्याच्या नावाखाली गरिबांच्या चाळी पाडल्या जात होत्या, निर्जंतुकीकरणासाठी पथके पोलिसांना घेऊन घरात घुसत होती. ही मोहीम चालवणारा ओस्वाल्डो क्रूझ हा मोठा शास्त्रज्ञ होता आणि लशीबद्दल त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण लोकांच्या दाराशी लस आली ती घर पाडणाऱ्या सरकारच्या हातून. दंगलींनंतर सक्ती मागे घेतली गेली, आणि 1908 मध्ये त्याच शहरात देवीची मोठी साथ आली.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. रोग्यांना बळजबरीने उचलून नेले जाते या रागातून गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून केलेल्या झडत्यांचा शेवट 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीबारात झाला. याच धामधुमीत वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होता. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले 19 जण धनुर्वाताने मेले. हाफकिनवर ठपका आला, त्याचे काम थांबले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, म्हणजे चूक गावात झाली होती, प्रयोगशाळेत नव्हे. हे मान्य होऊन हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडले. परळच्या संस्थेला आज त्याचे नाव आहे. मुल्कोवाल आणि सफोतू यांच्यात शंभरहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडचा धडा एकच आहे: चूक शोधायला आणि ती उघडपणे सांगायला जितका उशीर, तितका लशीवरचा डाग खोल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र एक वेगळा प्रकार घडला. इथे लशीत किंवा ती देण्यात काही चुकले नव्हते. चुकीचा दावाच तयार केला गेला. फेब्रुवारी 1998 मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. त्यात फक्त 12 मुलांच्या नोंदी होत्या. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा असा सूर त्यातून आणि त्याहून अधिक वेकफिल्डच्या पत्रकार परिषदेतून निघाला. ब्रायन डीअर या पत्रकाराने 2004 पासून ‘संडे टाइम्स’मधून या प्रकरणाचा पाठपुरावा केला. लस बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते, मुलांच्या नोंदी मूळ कागदपत्रांशी जुळत नव्हत्या, हे त्यातून उजेडात आले. सहलेखकांपैकी दहा जणांनी तो निष्कर्ष मागे घेतला. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध रद्द केला आणि ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफिल्डचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकले. पुढे 2019 मध्ये डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

छापणे ते मागे घेणे यांच्यात बारा वर्षे गेली. एका नामांकित नियतकालिकाने स्वतःच्या पानांवरचे असत्य बारा वर्षे राहू दिले, आणि त्या काळात ते पालकांच्या मनात घर करून बसले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या सोमाली कुटुंबांचे उदाहरण मनाला फार लागते. आपल्या मुलांत स्वमग्नता जास्त दिसते, असे या पालकांना वाटू लागले होते. त्यांचा प्रश्न खरा होता. आजवर कधी न पाहिलेला हा विकार त्यांना परक्या देशात, परक्या भाषेत समजून घ्यावा लागत होता, आणि शास्त्रज्ञांकडे त्याच्या कारणाचे सोपे उत्तर नव्हते. उत्तर घेऊन आले ते लसविरोधक. वेकफिल्ड स्वतः तिथे येऊन पालकांना भेटला. 2004 मध्ये या समाजातल्या 92 टक्के मुलांना ही लस मिळत होती. 2014 पर्यंत ते प्रमाण 42 टक्क्यांवर घसरले. 2017 मध्ये तिथे गोवराची साथ आली आणि 75 जणांना लागण झाली. त्यांतली बहुतेक सोमाली मुले होती. स्वमग्नतेची लक्षणे मूल वर्ष-दोन वर्षांचे असताना लक्षात येऊ लागतात, आणि ही लसही त्याच वयात दिली जाते. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींना आईचे मन जोडणारच. ते मन चुकत असेल, पण ते दोषी नाही. त्या मनाचा वापर करून घेणारा दोषी आहे.

पाकिस्तानात विश्वास मोडणारी अमेरिकेची गुप्तहेर संस्था होती. ओसामा बिन लादेन अबोटाबादमध्येच राहतो आहे का, याचा छडा लावण्यासाठी 2011 मध्ये सीआयएने एका पाकिस्तानी डॉक्टरकरवी तिथे कावीळ-ब च्या लसीकरणाची मोहीम रचली. ते उघड झाल्यावर ‘लस देणारे हेर असतात’ या जुन्या आरोपाला पहिल्यांदाच पुरावा मिळाला. 2012 मध्ये उत्तर वझिरिस्तानात पोलिओ लसीकरणावर बंदी घातली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून घरोघर थेंब पाजणाऱ्या कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. मारल्या गेलेल्यांत तुटपुंज्या रोजावर काम करणाऱ्या तरुण बायका होत्या. 2014 मध्ये पाकिस्तानात पोलिओचे 306 रुग्ण आढळले. लसीकरण मोहिमांचा हेरगिरीसाठी वापर करणार नाही, असे आश्वासन अमेरिकेने त्याच वर्षी दिले. पण एप्रिल 2019 मध्ये पेशावरजवळच्या माशोखेल गावातून एक चित्रफीत पसरली. पोलिओचे थेंब घेऊन शाळेतली मुले बेशुद्ध पडली, असे ती सांगत होती. एक माणूस मुलांना झोपायला आणि बेशुद्ध पडल्याचे सोंग करायला सांगतो आहे, हे दुसऱ्या चित्रफितीत दिसले, पण ते नंतर. तोवर मशिदींच्या भोंग्यांवरून इशारे गेले होते, जमावाने आरोग्य केंद्र पेटवले होते आणि घाबरलेल्या पालकांनी 25,000 हून अधिक मुलांना रुग्णालयांत नेले होते. 2018 मध्ये पोलिओचे 12 रुग्ण होते. 2019 मध्ये 147 झाले. ती चित्रफीत काही तासांत हजारो घरांत खरी ठरली, याचे कारण त्या मोबाइलमध्ये जितके होते तितकेच आठ वर्षांपूर्वीच्या अबोटाबादमध्ये होते.

फिलिपिन्सवर असा आघात दोनदा झाला. डेंग्यूवरची डेंग्वॅक्सिया ही लस तिथे एप्रिल 2016 पासून शाळेतल्या आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये तिची उत्पादक कंपनी सनोफीनेच जाहीर केले, की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लस घेतल्यानंतर डेंग्यू झाला तर तो अधिक गंभीर होऊ शकतो. इतकी मोठी मोहीम इतक्या घाईने का राबवली, हा लोकांचा सवाल रास्त होता. पण त्या संतापाला राजकारण्यांनी आणि समाजमाध्यमांनी असे वळण दिले की सगळ्याच लशी संशयित ठरल्या. लस महत्त्वाची आहे याच्याशी ठामपणे सहमत असणारे 2015 मध्ये 93 टक्के होते. 2018 च्या पाहणीत ते 32 टक्के उरले. दुधाने तोंड पोळलेला देश ताकही फुंकून पिऊ लागला, आणि 2019 च्या सुरुवातीला गोवराची मोठी साथ जाहीर करावी लागली. दुसरा आघात तर त्याहून क्रूर होता. कोविडच्या काळात फिलिपिन्समध्ये सर्वांत आधी उपलब्ध झाली ती चीनची सिनोव्हॅक लस. अमेरिकी सैन्याने किमान 300 बनावट खात्यांच्या आधारे स्थानिक नागरिकांचे सोंग घेऊन त्या लशीविरुद्ध प्रचार चालवला होता, हे रॉयटर्स वृत्तसंस्थेने 2024 मध्ये उघड केले. मध्य आशियातल्या मुसलमानांपर्यंत हाच प्रचार लशीत डुकराचा अंश असल्याच्या रूपाने पोहोचवला गेला. एका सरकारने दुसऱ्या सरकारवर कुरघोडी करायची म्हणून, साथ चालू असताना, तिसऱ्याच देशातल्या लोकांचे प्राण पणाला लावले. लसविरोधी अपप्रचाराची चर्चा करताना अशा सरकारांची नावे टाळली, तर सामान्य पालकाला शहाणपण शिकवण्याचा अधिकारच आपल्याला उरत नाही.

आता समाजमाध्यमांकडे. त्यांचे काम कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय आजचा लसविरोध कळत नाही. 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात पसरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा अभ्यास आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती, आणि हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे पडला नव्हता, तो माणसांमुळे पडला होता. खोट्यात नवेपणा असतो, किळस आणि धक्का असतो. खऱ्या बातमीत बहुतेक वेळा नेहमीचेच काहीतरी असते. लाखो मुलांना लस दिली आणि त्यांना काहीच झाले नाही, ही बातमी कोण कुणाला पाठवणार? शिवाय या माध्यमांचे उत्पन्न लोक किती वेळ खिळून राहतात यावर अवलंबून असते, आणि भीतीइतके खिळवून ठेवणारे दुसरे काही नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. रशियाशी जोडलेली बनावट खाती लशीच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून लिहीत होती. त्यांना लशीशी देणेघेणे नव्हते, भांडण पेटत राहावे एवढाच हेतू होता.

आपल्याकडे अफवा मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते, आणि तिथे तिला वेगळीच ताकद मिळते. ती मावशीकडून येते, वर्गमित्राकडून येते, सोसायटीच्या ग्रुपवर येते. ज्या माणसावर आपला विश्वास आहे त्याचा विश्वास ती उसना घेते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले, तेव्हा महाराष्ट्राने या ताकदीचे अत्यंत भीषण रूप पाहिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. लशीबद्दलची अफवा असा रस्त्यावर जमाव करत नाही. ती घरात गप्प बसते, लसीकरणाच्या दिवशी मूल मामाच्या गावाला गेले आहे असे सांगायला लावते, आणि तिचे बळी साथ येईपर्यंत दिसत नाहीत.

इतके वाचून वाटेल की उपायच नाही. उपाय आहे, आणि तो करून दाखवलेले देश आहेत; आधी मात्र तो न केलेल्या देशाचे उदाहरण. मानवी पॅपिलोमा विषाणूवरची लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. जपानने ती एप्रिल 2013 मध्ये नियमित कार्यक्रमात घेतली आणि मुलींना वेदना व झटके येत असल्याच्या बातम्या दूरचित्रवाणीवर येताच अवघ्या दोन महिन्यांत तिची शिफारस थांबवली. सरकारने लस बंद केली नाही आणि तिची बाजूही घेतली नाही. लसीकरणाचे सुमारे 70 टक्क्यांवरचे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेले. नागोया शहरातल्या सुमारे 30,000 तरुणींच्या अभ्यासात लशीचा त्या लक्षणांशी संबंध आढळला नाही, तरी शिफारस पूर्ववत व्हायला 2022 उजाडले. मधल्या काळात वाढलेल्या एका पिढीच्या मुलींना या कचखाऊपणाची किंमत पुढे मोजावी लागणार आहे.

आयर्लंडमध्येही हीच लस, हीच भीती. पालकांच्या गटांनी फेसबुकवरून मोहीम चालवली आणि 87 टक्क्यांवरचे प्रमाण 2016-17 मध्ये 51 टक्क्यांपर्यंत घसरले. तेव्हा लॉरा ब्रेनन नावाची तरुणी पुढे आली. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता आणि तो बरा होणार नाही हे तिला कळले होते. तिने आपण होऊन आरोग्य खात्याशी संपर्क साधला आणि मला काही करता येईल का, असे विचारले. तिने कुणाला दोष दिला नाही, आकडे फेकले नाहीत. आपल्याला काय झाले आहे, आणि इतर मुलींचे हे टाळता येते, एवढेच ती कॅमेऱ्यासमोर, सभांतून आणि त्याच फेसबुकवरून सांगत राहिली. आरोग्य खाते, डॉक्टरांच्या संघटना आणि कर्करोगावर काम करणाऱ्या संस्था तिच्यामागे एकत्र उभ्या राहिल्या. मार्च 2019 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, ती वारली. तोवर लसीकरण पुन्हा 70 टक्क्यांवर आले होते.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात पोलिओचे थेंब मुलांना नपुंसक करण्यासाठी आहेत, अशी अफवा मुसलमान वस्त्यांत घट्ट बसली होती. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीच्या आठवणी जिथे ताज्या होत्या, तिथे ती खरी वाटणे स्वाभाविक होते. शिवाय लोक विचारत: गटारे तुंबलेली आहेत, दवाखान्यात औषध नाही, मग हे दोन थेंब घेऊन सरकार पुन्हा पुन्हा दाराशी का येते? या प्रश्नाची थट्टा न करता उत्तर दिले गेले. त्याच मोहल्ल्यातल्या बायका कार्यकर्त्या म्हणून नेमल्या, इमामांनी मशिदीतून आवाहन केले, विद्यापीठातले विद्यार्थी घरोघर फिरले, थेंबांबरोबर इतर आरोग्यसेवाही येऊ लागल्या. 2009 मध्ये भारतात पोलिओचे 741 रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

महाराष्ट्रापुरते एक वेगळे सांगायला हवे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि मुले दगावली. आजारी पडलेल्या मुलांपैकी बहुतेकांची लस पूर्ण झालेली नव्हती. तेव्हा बाहेरून पाहणाऱ्यांनी ‘ते लोक लस घेतच नाहीत’ असे म्हणून विषय संपवला. काही घरांत नकार होता हे खरे. पण कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण सत्रे विस्कळीत झाली होती, भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्या कुटुंबांची नोंद राहत नव्हती, आणि रोजंदारी बुडवून दवाखान्यात रांग लावणे अनेकींना परवडत नव्हते. ज्या आईपर्यंत लस पोहोचलीच नाही तिला लसविरोधी म्हणणे हीसुद्धा एक चुकीची माहितीच आहे, आणि ती आपण सुशिक्षित लोक पसरवतो.

वाचकाने हे पुस्तक वाचताना एक भेद मनात पक्का ठेवावा. लशींचे दुष्परिणाम असतात. 1998 मध्ये अमेरिकेत आलेल्या रोटाव्हायरसच्या एका लशीमुळे सुमारे दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा भाग दुसऱ्या भागात सरकत असल्याचे आढळले, आणि ती सुमारे वर्षभरात बाजारातून काढून घेतली गेली. हा दोष पकडला तो दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने. म्हणून ‘लशीने कधीच काही होत नाही’ हेही असत्यच आहे, आणि भल्या हेतूने बोललेले हे असत्य उघडे पडते तेव्हा लसविरोधकांचे काम सोपे होते. 1974 पासूनच्या 50 वर्षांत लशींनी जगभर अंदाजे 15 कोटी 40 लाख जीव वाचवले, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास सांगतो. ज्या गोष्टीच्या पाठीशी इतके मोठे सत्य उभे आहे, तिला अर्धसत्याची कुबडी लागत नाही.

पुढच्या प्रकरणांत एकेका देशाची हकीकत सविस्तर येईल. जिथे न्यायालयाचे निकाल, चौकशी अहवाल किंवा मोठे अभ्यास उपलब्ध आहेत असेच देश आम्ही निवडले आहेत, कारण अफवेविरुद्धच्या पुस्तकाने ऐकीव गोष्टींवर उभे राहू नये. हे पुस्तक प्रामुख्याने डॉक्टर, पत्रकार, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी लिहिले असले, तरी ज्यांच्या हातात एखादा कुटुंबाचा ग्रुप आहे त्या प्रत्येकासाठी ते आहे. तुमच्या ग्रुपवर उद्या कुणी लशीबद्दल घाबरवणारे काही पाठवले, तर त्याला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवू नका. त्याला फोन करा, नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा, आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर ठाऊक असलेल्या डॉक्टरांशी किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंशी त्याची गाठ घालून द्या. आणि जे सरकारात, रुग्णालयात किंवा कंपनीत अधिकाराच्या जागी आहेत त्यांच्याकडे एकच मागणे आहे: चूक झाली तर ती त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने सांगा. सफोतूमध्ये काय घडले हे सामोआच्या प्रत्येक आईला त्याच आठवड्यात स्पष्ट सांगितले गेले असते, तर फेसबुकवर सांगायला फारसे काही उरले नसते.